सहा वर्षांचा नातू बाबागाडीत : लाड की गरज?



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतील लेकी-सुना आता अमेरिकेत राहतात. शाळांना सुट्टी लागली की ही मंडळी मुलांना घेऊन फ्लोरिडातील किंवा कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या उद्यानाला जातात आणि दुसऱ्या दिवशी इकडे आजी-आजोबांच्या मोबाईलवर फोटो येऊन धडकतात. फोटोत मागे परीकथेतला किल्ला असतो, आणि पुढे बाबागाडीत पाय लोंबकळत बसलेला सहा वर्षांचा नातू. मग आजोबांचा शेरा ठरलेला : "एवढा मोठा घोडा झाला आणि अजून गाडीत? आम्ही या वयात रानात शिदोरी पोहोचवायला जात होतो!" सून खट्टू होते, मुलगा विषय बदलतो, आणि आनंदाच्या सहलीला उगाच गालबोट लागते.

प्रश्न दिसायला लहान आहे. पण त्यात मुलाच्या आरोग्याचा भाग आहे आणि घरातल्या माणसांनी एकमेकांना समजून घेण्याचाही. म्हणून या पानावर त्याचा विचार करू. माझे मत आधीच सांगून टाकतो. अशा ठिकाणी पाच, सहा, अगदी सात वर्षांच्या मुलासाठी बाबागाडी नेणे यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र ती विसाव्यासाठी असावी, दिवसभराच्या बैठकीसाठी नसावी.

आधी ते ठिकाण काय आहे ते पाहू. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइमचे डिस्नेलँड १९५५ साली उघडले. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली सुरू झाले. या दुसऱ्याचा पसारा सुमारे २५ हजार एकर, म्हणजे जवळजवळ १०० चौरस किलोमीटर आहे. त्यात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम अशी चार निरनिराळी उद्याने आहेत. मॅजिक किंगडमला मोटारीने जाणाऱ्याने गाडी वाहनतळावर लावायची, तिथून तिकीटघराच्या ठाण्यावर यायचे, मग मोनोरेलने किंवा बोटीने तळे ओलांडायचे, तेव्हा कुठे फाटक दिसते. एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. त्या तळ्याला एक फेरी घालायची तर सुमारे दोन किलोमीटर होतात, आणि तो त्या उद्यानाचा केवळ एक भाग आहे. सकाळी आत गेलेले कुटुंब रात्री आतषबाजी पाहूनच बाहेर पडते. एका दिवसात दहा-बारा किलोमीटर चाल होणे ही तिथे नवलाची गोष्ट नाही.

आता साधा हिशेब करू. बापाचे पाऊल पाऊण मीटरचे धरा आणि पोराचे अर्ध्या मीटरचे. बारा किलोमीटरांना बापाची १६ हजार पावले पडतात, तर पोराची २४ हजार. म्हणजे बापाच्या दोन पावलांना पोराची तीन. शिवाय मोठ्यांच्या चालीला चाल मिळवायची म्हणून मूल अर्धवट पळतच असते. वजनाच्या मानाने पाहिले तर तेच अंतर कापायला मुलाला मोठ्यापेक्षा जास्त शक्ती खर्चावी लागते. आपण नव्या गोऱ्ह्याला औताची सवय लावतो तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला दिवसभर जुंपत नाही. थोडी तासे मारून सोडतो, कारण दमवलेला गोऱ्हा पुढे औत पाहिले की अंग चोरतो. जे आपण जनावराच्या बाबतीत जाणतो ते पोराच्या बाबतीत का विसरावे?

"आम्ही चालत होतो" हे खरेच आहे. पण ती चाल कशी होती? सकाळी रानात जायचे, झाडाखाली बसायचे, ओढ्यात पाय सोडायचे, वाटेत चिंचा पाडायच्या आणि दमले की निजायचे. जत्रेला जाताना लहानगी बैलगाडीत असत, आणि गर्दीत आली की बापाच्या किंवा काकाच्या खांद्यावर बसत. खांद्यावर बसलेल्या सहा वर्षांच्या पोराला कुणी आळशी म्हटले नाही. तिकडे चुलते-मामा बरोबर नसतात. आई-बाप दोघेच, पाठीवर पिशव्या, आणि कधी कडेवर दुसरे मूल. मग खांद्याचे काम चाकांनी केले तर काय बिघडले?

शिवाय बाबागाडीतले मूल सारखे बसूनच असते अशी आपली समजूत होते, तीही बरोबर नाही. पाळण्यांच्या आणि खेळांच्या रांगेत सहसा गाडी नेता येत नाही. ती बाहेर ठरावीक जागी ठेवावी लागते. रांग कधी अर्ध्या तासाची, तर कधी तासाहून जास्त वेळाची. तेवढा वेळ मूल उभेच असते. फ्लोरिडात जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ३२-३३ अंश उष्णता असते, हवा आपल्या कोकण-गोव्यासारखी घामट, आणि दुपारनंतर बहुधा गडगडाटी पाऊस. अशा हवेत दुपारी तीन वाजता रस्त्यातच फतकल मारून रडणारे मूल हट्टी असतेच असे नाही. ते थकलेले, तहानलेले आणि झोपेला आलेले असते.

या प्रकारच्या हलक्या गाडीचा जन्म कसा झाला तेही आजोबांनी ऐकण्यासारखे आहे. ओवेन मॅक्लारेन हे इंग्लंडमधले विमानविद्येचे अभियंता होते. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्याच्या रचनेत त्यांचा हात होता. त्यांची लेक मॉस्कोहून आपले मूल घेऊन माहेरी आली तेव्हा जुन्या पद्धतीची अवजड गाडी सांभाळताना तिची होणारी तारांबळ त्यांनी पाहिली, आणि १९६५ साली अॅल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी तयार केली. लेकीची ओढाताण पाहून टोमणा मारण्याऐवजी या आजोबांनी हत्यारे हाती घेतली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. बाबागाडीचा अतिरेक वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत मुलाला गाडीत किंवा खुर्चीत सलग एका तासाहून अधिक जखडून ठेवू नये असे सांगितले आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसात निदान तीन तास हालचाल व्हावी आणि त्यातला एक तास तरी धावण्या-उड्या मारण्याचा असावा, असेही त्यांत आहे. पाच वर्षांपुढील मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारा खेळ हवा. म्हणून सहलीचा दिवस वेगळा आणि घरचा दिवस वेगळा. बाजारात, शाळेच्या वाटेवर किंवा प्रार्थनेला येताना धडधाकट सहा वर्षांचे मूल गाडीत बसत असेल आणि हातात मोबाईल धरून मान खाली घालून राहत असेल, तर आजोबांची तक्रार रास्त आहे. तिथे मी आजोबांच्या बाजूचा आहे.

मला सर्वांत जास्त खटकते ती मात्र वेगळीच गोष्ट. डिस्नेत तीन वर्षांच्या मुलापासून पुढे तिकीट पडते. एवढा पैसा ओतला, आता पै न् पै वसूल करू, या ईर्ष्येने आई-बाप सकाळपासून मध्यरात्रीपर्यंतचा बेत आखतात. मूल पेंगले की त्याला गाडीत टाकायचे आणि पुढे ढकलायचे. अशा वेळी गाडी मुलाच्या पायांना विसावा देत नाही, मोठ्यांच्या हावरटपणाला मदत करते. तिकीट त्याच दिवशी पुन्हा आत येण्यासाठीही चालते. मग दुपारच्या उन्हात मुक्कामी परत जावे, सर्वांनी दोन तास झोपावे आणि संध्याकाळी पुन्हा यावे. दहा गोष्टी रडत पाहण्यापेक्षा पाच हसत पाहिलेल्या बऱ्या.

आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याबद्दल बोलताना आपण जीभ आवरली पाहिजे. परक्याचे मोठे मूल गाडीत दिसले की लोक हसतात, फोटो काढतात. पण दम्याचे, हृदयविकाराचे, सांध्यांच्या दुखण्याचे मूल बसलेले असताना इतरांसारखेच दिसते. स्वमग्न मुलाला गर्दी आणि गोंगाट सोसत नाही, तेव्हा गाडीचे छत हाच त्याचा आडोसा असतो. डिस्नेच्या उद्यानांत अशा मुलाच्या पालकांनी पाहुण्यांच्या मदतीच्या कचेरीत गरज सांगितली, तर गाडीला खुणेची चिठ्ठी लावून देतात. मग ती चाकांच्या खुर्चीसारखी रांगेतही नेता येते. त्या आईने रस्त्यातल्या प्रत्येकाला मुलाच्या आजाराचा दाखला का दाखवावा? ज्याचे जळते त्यालाच कळते.

उलट, आपल्याच घरात मूल सारखे थकत असेल तर त्याला आळशी म्हणून मोकळे होऊ नये. खेळून आलेल्या मुलाचे दोन्ही पाय रात्री दुखतात, चोळले की बरे वाटते आणि सकाळी ते पुन्हा उड्या मारते. याची सहसा काळजी नको. पण एकच पाय सारखा दुखणे, लंगडणे, सांधा सुजणे, दुखण्याबरोबर ताप असणे, सकाळी उठल्यावर सांधे आखडणे, ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. जमिनीवरून उठताना मुलगा स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहत असेल, वारंवार पडत असेल, जिना चढताना मागे राहत असेल, तर अजिबात दिरंगाई करू नये. तो स्नायूंचा आजार असू शकतो. मूल फिकट दिसते आणि लवकर दमते, तर रक्त तपासावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांतील ६७ मुलांना रक्तक्षय आढळला होता. अशा मुलाला चालण्याचा उपदेश करण्यापूर्वी औषध आणि पोटभर सकस अन्न दिले पाहिजे.

जाणाऱ्यांसाठी आता काही व्यवहाराच्या सूचना :

१. गाडीची वजनाची मर्यादा वाचा. बहुतेक साध्या गाड्या २२-२३ किलोपर्यंतच्या असतात. सात वर्षांच्या मुलाचे सर्वसाधारण वजन तेवढेच भरते. त्यापुढे गाडी मोडून इजा होण्याचा धोका आहे.

२. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत १ मे २०१९ पासून ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब गाडी आत नेता येत नाही. ओढायच्या वॅगन-गाड्याही चालत नाहीत. निघण्यापूर्वी टेप घेऊन मोजा.

३. सकाळी मुलाला चालू द्या. ऊन चढल्यावर आणि रात्री परतताना गाडी द्या. तासाभराने त्याला खाली उतरवून पाय मोकळे करायला लावा.

४. झोपलेल्या मुलावर ऊन लागू नये म्हणून जाड कापड पांघरून गाडी बंद करू नका. आत वारा खेळत नाही आणि उष्णता वाढते. छत पुरे, आणि मूल डोळ्यांसमोर असावे.

५. पाणी मागायची वाट पाहू नका, थोड्या थोड्या वेळाने पाजा.

६. गर्दीत गाडी पुढच्याच्या टाचेवर आदळू नये. हँडलला जड पिशव्या अडकवल्या तर मूल उतरताच गाडी मागे उलटते. सरकत्या जिन्यावर गाडी कधीही नेऊ नये.

७. जाण्यापूर्वी महिनाभर रोज संध्याकाळी मुलाबरोबर चाला. त्याचा फायदा आई-बापांच्या गुडघ्यांनाही होईल.

मुलालाही विचारात घ्यावे. सहा वर्षांच्या मुलाला लाज कळते. आपल्याला "बाळ" म्हणतील या भीतीने काही मुले पाय दुखत असूनही गाडीत बसत नाहीत. त्यांना सांगावे, ही दमल्यावर बसायची जागा आहे, तुला वाटेल तेव्हा बस आणि वाटेल तेव्हा उतर. जे मूल दुपारी तासभर बसते तेच संध्याकाळी सर्वांच्या पुढे धावते, हे अनुभवाने कळेल.

आणि आजी-आजोबांना एक विनंती. पुढच्या वेळी असा फोटो आला की "गाडीत का?" असे विचारू नका. "दिवसभरात काय काय पाहिलेस? पाय दुखले का रे? दुपारी झोपलास का?" असे विचारा. नातू सांगत सुटेल. सुनेलाही बरे वाटेल, आणि मुलाच्या प्रकृतीबद्दल जे कळायला हवे ते त्या उत्तरांतून आपोआप कळेल. तो सुट्टीत इकडे आला की त्याला बांधावरून हवे तेवढे चालवा. तिथे सावलीही आहे, आणि दमला तर उचलून घ्यायला आजोबांचा खांदाही आहे.