मुश्क बुदजीचे बी

काश्मीर म्हटले की आपल्याला सफरचंद, केशर आणि अक्रोड आठवतात. काश्मिरी माणसाला मात्र दोन्ही वेळा लागतो तो भात, आणि लग्नकार्याच्या ताटात मान असतो मुश्क बुदजीचा. अनंतनाग जिल्ह्यात कोकरनागच्या बाजूला सागाम आणि भोवतालच्या गावांत पिकणाऱ्या या सुवासिक तांदळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाचीच गोष्ट, पण मानांकनाने नेमके काय राखले जाते, हेही पाहायला हवे.

हा दाणा बासमतीसारखा लांबसडक नाही, आखूड आणि जाडसर आहे. आंबेमोहोरावर वाढलेल्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. पाच ते सात हजार फूट उंचीवर, गार हवेत दाणा भरतो तेव्हा तो वास धरतो. तेच बी खालच्या उबदार खाचरांत लावले, तर भात पिकतो पण वास उणावतो.

या वाणाचा खरा वैरी करपा. आधी पानांवर डोळ्याच्या आकाराचे राखाडी ठिपके दिसतात. मग लोंबीची मानच काळी पडते, दाण्यात दूध भरत नाही आणि कापणीला हाती येतात पोचट लोंब्या. उत्पन्नही बेताचे. त्यामुळे जास्त पिकणारे सुधारित वाण आल्यावर शेतकऱ्याने मुश्क बुदजी सोडला. त्याबद्दल त्याला बोल लावणे हा पोट भरलेल्यांचा चोचला आहे. वाण जेमतेम काही गावांत उरला, तोही भेसळलेल्या बियाण्याचा. तेथील शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना सोबत घेऊन शुद्ध बी निवडले, ते पुन्हा गावांत रुजवले आणि संकरातून करप्याला तोंड देणारी जनुके या वाणात आणण्याचे कामही केले. मानांकनाचा कागद या खटाटोपानंतर आला.

1999 च्या कायद्याने मिळणारे हे मानांकन नावाचा गैरवापर रोखण्यासाठी आहे. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. शेतातले बी शुद्ध राहील याची हमी त्यात नाही. आपल्याकडे आजऱ्याच्या घनसाळला आणि मुळशीच्या आंबेमोहोराला मानांकन आहेच. तरी दुकानादुकानांत आंबेमोहोर म्हणून विकली जाणारी प्रत्येक पिशवी मुळशीचीच असती, तर तिथे बंगल्यांना जागा उरली नसती!

काश्मिरातही भातखाचरांच्या जागी सफरचंदाच्या बागा आणि घरे उभी राहत आहेत. बागेतून हाती येणारा पैसा शेतकऱ्याला दिसतो. त्याला वासाचे कौतुक सांगून भागणार नाही. ठरावीक वर्षांनी शुद्ध बियाण्याचा पुरवठा, करप्याचा वेळीच बंदोबस्त आणि मळणीच्या वेळी दारात रोख भाव, एवढे सरकारने व विद्यापीठाने मिळून सांभाळले, तर सागामचा शेतकरी पुढच्या जूनमध्येही हीच रोपे लावील.