दिव्याला प्राणवायूचं सर्टिफिकेट कशाला?

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा तेच ढकलपत्र आलं. तुपाचा दिवा लावला की हवेत प्राणवायू तयार होतो. किती? तर १० ग्रॅम गाईचं तूप जाळलं की चक्क १ टन! खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग आणि 'आपल्या पूर्वजांचं विज्ञान, पुढे पाठवा'. पाठवणारे आमचे काका. एरवी मी अंगठ्याचं चित्र टाकून पुढे सरकतो, वडीलधारे आहेत, काय बोलणार. पण या ढकलपत्रावरून आमच्या घरात एकदा कडाक्याचं भांडण झालंय, त्यामुळे या विकांताला म्हटलं लिहूनच टाकू.

आधी हिशोब. मंडळी, बारावीचं रसायनशास्त्र आठवा. तेल काय, तूप काय, कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या. वात तेल वर ओढते, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते, साखळ्या तुटतात आणि हवेतला प्राणवायू घेऊन जळतात. म्हणजे दिवा प्राणवायू *खातो*. १० ग्रॅम तेल पुरतं जळायला सुमारे २९ ग्रॅम प्राणवायू लागतो आणि साधारण २८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ज्योत पिवळी दिसते ती तरी कशामुळे? न जळलेले काजळीचे कण तापून चमकतात म्हणून. समईच्या वरच्या छतावर जे काळं बसतं ना, तेच.

आणि १ टन प्राणवायू म्हणजे किती, याचा कुणी विचार केलाय? नेहमीच्या तापमानाला त्याला साडेसातशे घनमीटर जागा लागते. दहा बाय दहाच्या पंचवीसेक खोल्या! एका निरांजनात आमची अख्खी बिल्डिंग फुग्यासारखी फुगायला हवी. बरं, १० ग्रॅममधून १० लाख ग्रॅम काढायचे, म्हणजे वस्तुमानाचा नियमही सुट्टीवर पाठवायचा. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत लोक सिलिंडरसाठी शहरभर वणवण फिरत होते, तेव्हा तुपाचे डबे घराघरांत होतेच की.

आता भांडणाचं सांगतो. आजीची निम्मी हयात चुलीपुढे गेली. त्या धुराने तिची फुप्फुसं पार कामातून गेली होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी घरीच प्राणवायू द्यायला सांगितलं. कॉन्सन्ट्रेटर आणला, फ्रीजसारखी घरघर करत हवेतला नायट्रोजन वेगळा काढणारं ते यंत्र. नाकाला नळी लावून आजी पलंगावर. काका भेटायला आले, येताना छोटी समई आणि गाईच्या तुपाची बाटली घेऊन आले आणि समई आजीच्या उशालगतच्या स्टुलावर ठेवून काडी ओढायला लागले. "हवेत प्राणवायू वाढेल, मशीनवरचा भार कमी होईल." अगदी मनापासून बोलत होते हो. त्यांच्या आईवर त्यांचं माझ्याहून जास्त प्रेम असणार, यात मला शंकाच नाही.

यंत्राच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय की ज्योत, सिगारेट, शेगडी यांपासून लांब ठेवा. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण तो जिथे जास्त साठतो तिथे बाकीचं सगळं भसकन जळतं. चादर, केस, नाकातली प्लॅस्टिकची नळी. मी काकांच्या हातातून काडी जवळजवळ हिसकावली. आवाज चढला. "अहो काका, जाळाल तिला!" असं काहीतरी मी बोललो. आई मधे पडली. काका म्हणाले, "चार बुकं शिकलास म्हणून देवाचा दिवा विझवणार का?" मी म्हटलं, "देवाचा नाही, व्हॉट्सअॅपचा विझवतोय." (हे बोलायला नको होतं. पण सुचलं आणि तोंडातून गेलं.)

तर सांगायचं असं, की हा निरुपद्रवी भाबडेपणा नाही. ५ एप्रिल २०२०ला सगळ्यांनी रात्री ९ वाजता दिवे लावले, तेव्हाही त्या उष्णतेने विषाणू मरेल म्हणणारी ढकलपत्रं फिरत होतीच. तिथे कुणाचं फारसं बिघडलं नाही. इथे आजीच्या उशाशी आग होती.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. चुकीचं विज्ञान हा गुन्हा एक. दिव्याला त्या विज्ञानाच्या दारात सर्टिफिकेट मागत उभं करणं हा दुसरा, आणि माझ्या मते मोठा. प्राणवायूसाठीच दिवा लावायचा असेल तर उद्या बाल्कनीत चार कुंड्या जास्त ठेवा आणि समई भंगारात घाला. जंतू मारायला लावायचा असेल तर फिनेल काय वाईट? दिव्याला 'उपयोगी' ठरवायला जाल, तर तो प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या यंत्राकडून हरणार. त्याला त्या स्पर्धेत उतरवलं कुणी? आपणच, त्याचे भक्त म्हणवणाऱ्यांनी.

दिवा पूजेत काय करतो ते पूजेनेच सांगितलंय की. मुख्य देवाची पूजा सुरू व्हायच्या आधी कलश, शंख, घंटा आणि दिवा यांची पूजा होते. गुरुजी पटकन म्हणून टाकतात, आपण तेव्हा अक्षता शोधत असतो. त्या मंत्रात दिव्याला काय विनवलंय? तर तू या कर्माचा साक्षी आहेस, पूजा संपेपर्यंत इथे स्थिर राहा. बस. हवा शुद्ध कर, असं कुठेही नाही. साक्षी! म्हणजे मी आत्ता जे करतोय ते कुणीतरी जागेपणी बघतंय. हापिसात कोड रिव्ह्यू करणारा बाजूला येऊन बसला की आपण जरा नीट लिहितो, तसंच काहीसं. (तुलना हलकी वाटली तर सोडून द्या.)

संस्कृतात 'स्नेह' म्हणजे तेलही आणि मायाही. मला हे कॉलेजात गेल्यावर कळलं, आजीला बहुधा शब्दाशिवायच माहीत असावं. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा आहे. ज्ञानेश्वरांच्या ग्रंथाला आपण ज्ञानेश्वरी म्हणतो, पण त्याचं नाव भावार्थदीपिका, अर्थावर धरलेला दिवा. या सगळ्यात दिवा म्हणजे लक्ष, जाग, स्थिरपणा. आषाढातल्या अमावास्येला आपल्याकडे घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, त्यांचीच पूजा करतात, कणकेचे गोड दिवे उकडतात. वर्षभर उजेड दिला म्हणून दिव्यालाच नमस्कार! केवढी देखणी कल्पना. (त्याच दिवसाची 'गटारी' कशी झाली, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

उलट उदाहरण म्हणून मायकेल फॅरडे घ्या. १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने मुलांसाठी एका मेणबत्तीवर अख्खी व्याख्यानमाला सुरू केली. वात, वाफ, काजळी, पाणी, कार्बन डायऑक्साइड, सगळं मुलांपुढे करून दाखवलं. हा माणूस स्वतः कट्टर श्रद्धाळू ख्रिस्ती होता. पण मेणबत्ती कशी जळते हे सांगताना त्याला बायबल लागलं नाही, आणि चर्चमध्ये जाताना रसायनशास्त्राची चिठ्ठी लागली नाही. आपल्याला दोन्हीकडे शिफारसपत्र का लागतं?

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. हापिसातला एक मित्र म्हणतो, "आग लावायचीच कशाला? प्लगमध्ये घालायचे दिवे मिळतात, धूर नाही, तेल नाही, चोवीस तास पेटता." चुकीचं काही नाही. ज्यांना ज्योत ठेवणं शक्य नाही त्यांनी जरूर लावावा, कुठलाही देव तक्रार करणार नाही. त्या भांडणानंतर मीच आजीच्या खोलीसाठी तसला एक आणला. लुकलुकणारी प्लॅस्टिकची ज्योत. आजीने दोन दिवस पाहिला आणि म्हणाली, "हा मालवतच नाही रे. मग रोज लावायचं काय?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. वात वळणं, तेल घालणं, काजळी झाडणं, सांज झाली म्हणून हातातलं काम टाकून उठणं, हे सगळं त्या प्लगने एका फटक्यात काढून टाकलं होतं. आम्ही ज्याला कटकट म्हणतो तीच तिची पूजा होती.

शेवटी आम्ही पलंग फिरवला. यंत्र आणि आजी आतल्या खोलीत, समई पूर्वीसारखी हॉलमधल्या देवघरात, मधे चांगलं पंधरा फुटांचं अंतर. दार उघडं ठेवलं की आजीला पडल्यापडल्या ज्योत दिसायची. वाती ती बसून वळायची, संध्याकाळी लावायची मात्र आई. आजी नळीसकट हात जोडायची आणि झोपेपर्यंत मधूनमधून तिकडे बघत राहायची. एकदा तिने हाक मारून सांगितलं, "तेल घाला गं, खाली आलीय." पंधरा फुटांवरून, चष्म्याशिवाय.

असो. हे सगळं, हिशोबासकट, परवा काकांना लिहून पाठवलं. त्यांचं दोन हात जोडलेलं चित्र आलं. काल सकाळी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याबद्दलचं नवीन ढकलपत्र आलंय.