उत्तम बॅटिंग कोच उत्तम हेड कोच होतो का? बांगर, मुझुमदार आणि आता नायर

आयपीएलच्या २०२६ च्या मोसमासाठी कोलकाता नाइट रायडर्सने अभिषेक नायर यांना मुख्य प्रशिक्षक केलं. चंद्रकांत पंडित यांच्या जागी ते आले. पंडित यांच्या काळात संघ २०२४ मध्ये विजेता ठरला आणि पुढच्याच वर्षी आठव्या क्रमांकावर घसरला.

नायर यांची ओळख मात्र वेगळी आहे. दिनेश कार्तिक, के. एल. राहुल, रोहित शर्मा यांच्या फलंदाजीवर काम करणारा, पडद्यामागचा माणूस. असा माणूस पूर्ण संघ चालवू शकतो का?

अमेरिकेतही हाच प्रश्न

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची आखणी करणारा वेगळा प्रशिक्षक असतो. तो गाजला की त्याला हेड कोच करायची तिथे रीतच आहे. जॉश मॅकडॅनियल्स न्यू इंग्लंड संघात या कामात गाजले. हेड कोच म्हणून डेन्व्हरने त्यांना २०१० मध्ये आणि लास वेगासने २०२३ मध्ये मोसमाच्या मध्येच काढलं. उलट अँडी रीड १९९९ मध्ये हेड कोच झाले, तेव्हा त्यांनी ते पद कधी भूषवलंच नव्हतं. पुढे कॅन्सस सिटीसोबत त्यांनी तीन सुपर बोल जिंकले.

फरक कुठे पडतो?

कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, घाट चढवून देतात आणि इगतपुरीला सुटतात. त्यांची ताकद नसेल तर गाडी वर जाणार नाही, पण सिग्नल पाहून निर्णय घेतो तो पुढचा चालक. बॅटिंग कोचचं साधारण असंच असतं. खेळाडू त्याच्याशी मोकळेपणाने बोलतो, कारण संघाबाहेर बसवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. हेड कोच झाला की हे नातं बदलतं.

बीडचे संजय बांगर २०१४ ते २०१९ भारताचे बॅटिंग कोच होते. २०१९ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात धोनी सातव्या क्रमांकावर आला आणि टीकेचा रोख बांगर यांच्याकडे वळला. थोडक्यात, निर्णय अनेकांचा, शिव्या एकाला. हेड कोच म्हणून त्यांचा आलेख वरखाली आहे. त्यांच्या पंजाब संघाने २०१४ मध्ये अंतिम फेरी गाठली, पण २०१५ आणि २०१६ मध्ये तो तळाला राहिला. त्यांच्या बंगळूरुने २०२२ मध्ये प्लेऑफ खेळला, २०२३ मध्ये संघ सहावा आला. लिलाव, दुखापती हे सगळं धरूनही हा हिशेब फारसा चमकदार नाही.

मुझुमदार यांचं काय वेगळं?

अमोल मुझुमदारही आधी बॅटिंग कोचच होते, राजस्थान रॉयल्सचे आणि २०१९ च्या भारत दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेचे. पण भारतीय महिला संघाकडे २०२३ मध्ये येण्याआधी त्यांनी मुंबईचं मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलं होतं. २०२२ च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांची मुंबई मध्य प्रदेशकडून हरली. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते पंडित.

२०२५ च्या विश्वचषकात भारत सलग तीन सामने हरला. त्यातल्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जादा गोलंदाज हवा म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला बसवलं गेलं. सामना तरीही गेला, आणि टीका झालीच. पुढच्या सामन्यात ती परतली, तीही तिसऱ्या क्रमांकावर. न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६, मग उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७. प्रतिका रावल जखमी झाल्यावर आलेल्या शेफाली वर्माने अंतिम सामन्यात ८७ धावा केल्या आणि दोन बळी घेतले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारत ५२ धावांनी जिंकला.

यातला एकही निर्णय नेट्समधल्या तंत्राचा नव्हता. कुणाला बसवायचं, चूक वाटली तर किती लवकर मागे घ्यायची, हे ते निर्णय होते. ते कप्तानासोबत घ्यावे लागतात आणि पराभवानंतर त्यांची उत्तरंही द्यावी लागतात. ही सवय लावून घ्यायला मुझुमदार यांना मुंबईत पूर्ण मोसम मिळाले. आयपीएलच्या दोन महिन्यांत तेवढी उसंत कुणालाच नसते.

नायर यांच्या हाताखाली आता शेन वॉटसन सहायक प्रशिक्षक आहेत, टिम साउदी गोलंदाजीचे, आणि आंद्रे रसेल 'पॉवर कोच'. एप्रिल २०२५ पर्यंत भारतीय संघात नायर स्वतः अशाच सहायकाच्या खुर्चीत होते.