आपल्याच माणसांविषयी लिहिताना



आपल्या घरातली मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी मोबाईलवर महाडचा सत्याग्रह शोधू लागली, की बहुतेक वेळा सर्वांत आधी तिच्यासमोर विकिपीडियाचे पान येते. पूर्वी हे काम ग्रंथालयातले जाड विश्वकोश करीत. त्यात विद्वान मंडळी लिहीत. वस्तीतल्या माणसाने त्यात एखादी ओळ घालावी हा प्रश्नच नव्हता. विकिपीडिया २००१ साली इंग्रजीत आणि २००३ साली मराठीत सुरू झाला. हा ज्ञानकोश कोणीही वाचावा आणि कोणीही लिहावा असा आहे. तेथे आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी, कार्यकर्त्यांनी जरूर लिहावे असे आम्हांस वाटते. पण आपण लिहायला बसलो की काय लिहितो, हे जरा तपासून पाहू.

समजा, आपल्या विहाराविषयी लिहायचे आहे. लेखणी हातात घेताच शब्द येतात ते असे : “थोर समाजसेवक, वस्तीचे आधारस्तंभ, मंडळाचे धडाडीचे अध्यक्ष यांच्या अथक परिश्रमांतून पंचक्रोशीतील एकमेव भव्यदिव्य विहार साकारले.” हँडबिलात हे शोभते. ज्ञानकोशात असे पान फार दिवस टिकत नाही, आणि ते काढून टाकले तर आकस धरून काढले असे लगेच समजू नये. आता हेच दुसऱ्या रीतीने लिहून पाहा : “विहाराचे बांधकाम अमुक साली झाले. खर्च वस्तीतील कुटुंबांच्या वर्गणीतून भागवण्यात आला. महिला मंडळाच्या सभासदांनी विटा वाहण्याचे काम केले.” येथे विशेषण एकही नाही. पण पहिल्या वाक्यात विटा वाहणाऱ्या बाया कोठे होत्या? अध्यक्षांच्या विशेषणांखाली त्या दबून गेल्या होत्या. विशेषणे काढली तेव्हा माणसे दिसू लागली.

यातच दुसरा प्रश्न दडलेला आहे. तो म्हणजे लिहिणारा कोण? मंडळाच्या सरचिटणिसाने मंडळाविषयी, मुलाने वडिलांविषयी, नोकराने मालकाविषयी लिहिले तर त्याला विकिपीडियात हितसंबंधाचा प्रश्न मानतात. याचा अर्थ तो माणूस खोटारडा आहे असा नव्हे. हिशेबाच्या कामात हे सर्वांना ठाऊक असते. जो रोजकीर्द लिहितो, तोच हिशेब तपासनीस नसतो. रोजकीर्द लिहिणारा कितीही सचोटीचा असला, तरी वर्षअखेरीस वह्या दुसऱ्याच्या हाती जातात. त्यात कोणाचा अपमान नाही.

हा मोह मोठमोठ्यांनाही सुटत नाही. विकिपीडियाच्या संस्थापकांपैकी जिमी वेल्स यांनी स्वतःविषयीच्या पानात फेरफार केल्याचे २००५ साली उघडकीस आले. लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेख त्यांनी काढला होता. टीका झाली, आणि असे करायला नको होते हे त्यांनीही मान्य केले. पुढे पैसे घेऊन पाने लिहून देण्याचा धंदाच सुरू झाला. २०१३ साली इंग्रजी विकिपीडियाने अशी अडीचशेहून अधिक खाती बंद केली. जो मोबदला घेऊन लिहितो त्याने ते जाहीर केलेच पाहिजे, अशी अट २०१४ पासून आहे. निवडणुका आल्या की “भाऊंचे पान बनवून दे, तुझे काय ते बघू” असे सांगणारे आपल्याकडेही भेटतात. संगणक शिकलेल्या आमच्या तरुणांनी ही अट ध्यानी ठेवावी.

मग कोणी विचारील, आम्ही बौद्ध, आम्ही आंबेडकरवादी. आम्ही बाबासाहेबांविषयी, धम्माविषयी लिहायचेच नाही काय? तसे मुळीच नाही. एखाद्या विचाराचे असणे आणि एखाद्या संस्थेचे पदाधिकारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण बौद्ध आहोत म्हणून धम्मावरचे पान आपल्याला बंद होत नाही, जसे ते कोणत्याही धर्माच्या माणसाला त्याच्या धर्माविषयी बंद नाही. मात्र तेथे लिहिताना ‘परमपूज्य’, ‘क्रांतिसूर्य’ हे शब्द घरी ठेवून जावे लागते. अनेकांना हे जड जाते. ‘अनुयायी त्यांना बोधिसत्त्व मानतात’ असे लिहिता येते, कारण ती वस्तुस्थिती आहे. आदरार्थी बहुवचन मराठी भाषेने दिलेलेच आहे, ते कोणी काढून घेत नाही.

आणि खरे सांगायचे तर आपल्या इतिहासाला विशेषणांची गरजच काय? २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्य मानलेल्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यांच्यावर हल्ला झाला. नंतर त्या तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. प्रकरण कोर्टात गेले आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. या चार वाक्यांत ‘अमानुष’ हा शब्द नाही. वाचणारा तो मनात म्हणतो.

दुसरे उदाहरण धम्मदीक्षेचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात किती जनसमुदाय होता? कोणी तीन लाखांच्या पुढे सांगतात, कोणी पाच लाख. येथे मोठा आकडा आपला म्हणून तेवढाच ठेवणे बरोबर नाही. कोणता आकडा कोणत्या पुस्तकात दिला आहे ते सांगून दोन्ही द्यावेत. त्याने दीक्षा लहान होत नाही. जनगणना पाहा. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती सत्तावीस लाखांच्या पुढे गेली. २०११ साली महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले. हे आकडे सरकारी आहेत, आणि ते खोडायला कोणी येत नाही.

खरी कसोटी लागते ती पुणे करारासारख्या विषयात. २४ सप्टेंबर १९३२ च्या या कराराविषयी आपल्या घराघरांत एक वेदना आहे. ज्ञानकोशात मात्र गांधींची भूमिकाही तितक्याच सरळपणे मांडावी लागते. आपली बाजू मांडताना “बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या इंग्रजी ग्रंथात अशी टीका केली” असे, कोणाचे मत ते सांगून लिहावे लागते. हे ज्यांना पटत नाही त्यांनी बाबासाहेबांचेच उदाहरण पाहावे. ‘जातिभेदाचे निर्मूलन’ हे लाहोरला न झालेले भाषण त्यांनी १९३६ साली स्वखर्चाने छापले. गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींची ती टीका छापली आणि तिच्याबरोबर स्वतःचे उत्तर दिले. ज्याची बाजू भक्कम असते तो विरोधकाचे म्हणणे झाकत नाही.

मात्र तटस्थपणा म्हणजे खऱ्याखोट्याची समान वाटणी, असे कोणी सांगू लागला तर ते मान्य करू नये. महाडला हल्ला झाला, ही गोष्ट ‘असे काही जण म्हणतात’ या सदरात बसत नाही. मते ज्याची त्याच्या नावावर लिहावीत, घडलेले ते घडले म्हणून लिहावे.

धम्माच्या अभ्यासकांना ही शिस्त परकी वाटू नये. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे बुद्धांनी चार महापदेस सांगितले आहेत. एखादा भिक्खू म्हणाला, हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडून ऐकले, तरी ते लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावे. ऐकणाऱ्याची निष्ठा मोठी म्हणून त्याचे सांगणे प्रमाण ठरत नव्हते.

आता कामाची रीत. स्वतःच्या संस्थेविषयी किंवा नातलगाविषयी काही सांगायचे असेल तर मूळ पानाला हात लावू नये. प्रत्येक पानाला जोडून चर्चेचे पान असते. तेथे “मी या मंडळाचा पदाधिकारी आहे” असे प्रथम लिहावे, मग कोणती माहिती चुकली आहे, बरोबर कोणती आणि ती कोठे छापून आली आहे ते द्यावे. निर्णय इतर संपादकांवर सोडावा. उघड शिवीगाळ किंवा नासधूस कोणी केली असेल तर ती काढायला आपल्यालाही आडकाठी नाही. दहा नावांनी दहा खाती उघडू नयेत. वस्तीतली पंचवीस पोरे गोळा करून तेथे धाडू नयेत. आपल्याला मोर्च्याची सवय आहे, पण तेथे डोकी मोजत नाहीत, पुरावा पाहतात.

पुराव्यापाशीच आपले घोडे अडते. आपला निम्मा इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे, आणि ज्ञानकोशाला छापील आधार लागतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या आठवणी लिहून घेऊन १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढले. म्हणून आज त्या स्त्रियांविषयी कोणालाही आधार देऊन लिहिता येते. मंडळाची स्वतःची स्मरणिका साल, पत्ता, वर्गणी अशा साध्या माहितीपुरती चालते. स्वतःच्या थोरवीला तिचा दाखला चालत नाही. त्यासाठी वर्तमानपत्र, गॅझेटियर, संशोधकाचे पुस्तक असे बाहेरचे काही लागते. सगळ्याच विहारांना स्वतंत्र पान मिळणार नाही, हेही समजून घ्यावे. ज्याला मिळत नाही, त्याची दोन ओळींची नोंद गावाच्या पानावर आधारासह होऊ शकते.

तेव्हा या पौर्णिमेला वंदना झाल्यावर प्रत्येकाने घरातल्या ट्रंका उघडाव्यात. जुन्या स्मरणिका, पत्रके, वर्तमानपत्रांची कात्रणे विहारात आणून द्यावीत. कात्रणावर वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती पेन्सिलीने लिहावी आणि शेजारी ‘आठवणीवरून’ असे नमूद करावे. छपाईची तारीख आणि आठवणीतली तारीख एकमेकींत मिसळू देऊ नये.