नुसतं चालून भागत नाही

सकाळी कुठल्याही बागेत ज्येष्ठ मंडळींच्या फेऱ्या सुरू असतात. घड्याळावर पावलं मोजली जातात. बाकावरून उठताना मात्र दोन्ही हात गुडघ्यांवर येतात. चालणं हृदयाला उत्तमच, पण मांडीच्या स्नायूला त्यात फारसा ताण पडत नाही.

आणि स्नायूला हवा असतो तो ताणच. वजन पेललं की स्नायूपेशीतलं ‘एमटॉर’ हे प्रथिन जागं होतं, पुढच्या प्रथिनांना कामाला लावतं आणि स्नायूची नवी बांधणी सुरू होते. २००९ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी तरुणांना व्यायामाआधी एमटॉर रोखणारं रॅपामायसिन हे औषध दिलं, तर व्यायामानंतर होणारी प्रथिननिर्मितीतली वाढ झालीच नाही. २०११ मध्ये त्यांनी तरुण आणि सत्तरीतली माणसं यांच्याकडून सारखाच व्यायाम करून घेतला. तरुणांच्या स्नायूंत एमटॉरचा हा बांधणीचा संकेत चांगला उमटला, वयस्करांत अगदीच क्षीण.

मग म्हातारपणी मेहनत वाया जाते का? नाही. तो निकाल एकाच दिवसाच्या व्यायामाचा होता. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या, शुश्रूषागृहात राहणाऱ्या माणसांनी आठ आठवडे पायांनी चांगलं जड वजन उचललं. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ च्या आणखी मोठ्या प्रयोगात तर व्यायामाविना नुसतं पोषक पेय घेऊन ताकद वाढत नाही, हेही दिसलं.

वयानुसार हा संकेत मंदावतो म्हणूनच भार नेटाने आणि नियमित द्यायला हवा. आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं: ‘आई, राहू दे, मी उचलते.’ माया खरी, पण स्नायूचा घास त्यातच जातो.

खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करा. शेवटच्या दोन-तीन वेळा मांड्या भरून आल्या पाहिजेत. सोपं वाटू लागलं की हातात तांदळाची पिशवी घ्या. श्वास रोखू नका. रक्तदाब, हृदय किंवा सांध्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जेवणात डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडं हवंच. जागतिक आरोग्य संघटनाही स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करायला सांगते.

डॉक्टरांनाही एक विनंती. ‘रोज चालत जा’ एवढ्यावर थांबू नका. गोळीचा डोस लिहिता, तसं वजन किती, किती वेळा आणि आठवड्यातून किती दिवस, हेही कागदावर लिहून द्या.