सांडपाण्याचा हिशेब आपणही मागू या



आमच्या कर्वेनगरमधल्या एका वस्तीत नदी स्वच्छतेचा कार्यक्रम होता. खाली सतरंजीवर बायका, वर खुर्च्यांवर पुरुष. एक साहेब म्हणाले, “भगिनींनो, निर्माल्य नदीत टाकू नका, साबण जपून वापरा, म्हणजे आपली मुठा स्वच्छ होईल.” धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एक ताई उठल्या. “ते खरं साहेब, पण आमच्या संडासाचं पाणी कुठं जातं?” साहेबांनी घड्याळ पाहिलं. लगेच आभारप्रदर्शन झालं.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहा-बारा वर्षं वस्त्यांत काम करणारी. पण हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. म्हणून शोध घेतला. हे पाणी मैलावाहिनीतून शुद्धीकरण केंद्रात जायला हवं. तिथे जाळीवर कचरा अडतो, वाळू खाली बसते, टाक्यांत हवा सोडली की जिवाणू मैला खातात आणि निथळलेलं पाणी नदीत सोडतात. प्रत्यक्षात पुण्याचं कितीतरी सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही. ओढ्यानाल्यांतून थेट नदीत उतरतं. जपानच्या कर्जातून मुळा-मुठा स्वच्छ करण्याच्या सुमारे ९९० कोटी रुपयांच्या योजनेचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. अकरा नवी केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. ठरलेली मुदत केव्हाच उलटली. दरम्यान मार्च २०२२ मध्ये नदीकाठ सुधारण्याच्या प्रकल्पाचं भूमिपूजन मात्र थाटात झालं. त्यातही मैलावाहिन्या आहेत, असं सांगतात. असतील. पण पाणी आधी की फिरायला जाण्याचा काठ आधी, हे आपल्याला कुणी विचारलं?

काही मैत्रिणी म्हणतात, हा पर्यावरणवाल्यांचा विषय. आपले विषय मारहाण, पोटगी, कायदा. मला हे मान्य नाही. २५ जुलै २०२४ ला नदीपलीकडे एकतानगरीत पुराचं पाणी घराघरांत शिरलं. तो चिखल कुणी उपसला? जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी भागात गियाँ-बारे आजाराची साथ आली. शहरात आणि आसपास मिळून संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत घेतली. घरपट्टीच्या बिलावर शहराचं नाव आलं, शुद्ध पाण्याची हमी आली नाही. “पाणी उकळून प्या” असं फर्मान निघालं. गॅस कुणी जाळला? लुळ्या पडलेल्या माणसाला कुशीवर कुणी वळवलं? कामाचे खाडे कुणाचे झाले?

शुद्धीकरण केंद्र चालत नाही, तेव्हा घरातली बाईच शुद्धीकरण केंद्र होते. तिला पगार नाही, सुट्टी नाही आणि अंदाजपत्रकात तिचा रकाना नाही. म्हणून तर दिरंगाई स्वस्त पडते!

आणि आपलेही हात स्वच्छ नाहीत. फ्लॅटमधल्या आपण साखळी ओढतो आणि विसरतो. ते पाणी भीमेतून उजनीला जातं. तिथल्या बायकाही आपल्याच ना?

म्हणून प्रत्येक गटानं आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन तीन गोष्टी मागाव्यात. आपलं सांडपाणी कुठल्या केंद्रात जातं आणि तिथल्या तपासणीचे आकडे काय, हे दर महिन्याला मराठीत फळ्यावर लागलं पाहिजे. देखरेखीच्या समितीत वस्तीतल्या बायका हव्यात, केवळ सहीपुरत्या नव्हेत. आणि सुरक्षा साधनांविना गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, तेव्हा तो पाळला जातो का याचा जाब द्यावा.

१९०० साली महर्षी कर्व्यांनी विधवांचा आश्रम याच हिंगण्यात आणला. त्यांचं नाव लावणाऱ्या नगरात बाईच्या प्रश्नावर घड्याळ पाहून सुटता येऊ नये. त्या ताईंचा प्रश्न आम्ही पुन्हा विचारणार आहोत, आणि या वेळी आभारप्रदर्शनाच्या आधी उत्तर घेणार आहोत. तुम्हीही विचारा.