आधी धुराडे, मग पेलेटची चूल

टाकी संपली की चूल पेटते, ही गोष्ट आपल्या खेड्यांत कोणापासून लपलेली नाही. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, घरोघर शेगड्या आल्या, ते चांगलेच झाले. पण आंघोळीचे पाणी, ढोरांची आंबोण, भाकरीचा तवा आणि पाहुणेरावळे आले की मोठे पातेले, यांना आजही जळणच लागते. म्हणून पेलेटच्या चुलीचा विषय निघाला की बायाबापड्या कान देऊन ऐकतात. धूर कमी, आच जोरात, भांडी काळी होत नाहीत, असे विकणारे सांगतात आणि त्यात खोटे फारसे नाही. आमची हरकत चुलीला नाही. चूल घेण्याआधी दोन गोष्टी विचारल्या जात नाहीत, त्याला आहे. वर्षभर हिच्या पोटात घालायचे काय? आणि हिचा धूर जायचा कुठून?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने एकदा पैसे मोजून घेतलेले आहे. २००६ च्या सुमारास बीपी कंपनी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘ऊर्जा’ नावाची चूल आणली. खाली बॅटरीवर फिरणारा छोटा पंखा, वर पेलेट भरायचे भांडे. महाराष्ट्र-कर्नाटकात ती गावोगाव गेली, लाखांनी खपली. २००९ साली तो धंदा पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला. चूल वाईट नव्हती. पण ज्या चिपाडाचे आणि टरफलांचे पेलेट करायचे, त्यालाच कारखान्यांच्या बॉयलरची मागणी आली. कच्चा माल महागला, मग पेलेट महागले, आणि घरच्या बाईने हिशेब करून चूल माळ्यावर टाकली. कंपनीही पुढे हॉटेलांच्या भटारखान्यांकडे वळली.

बंबात तुम्ही तुराटी घाला, गोवरी घाला, मक्याचे रिकामे कणीस घाला, तो कुरकुर करत नाही. पेलेटच्या चुलीचे तसे नाही. तिला ठरलेल्या मापाचेच जळण लागते आणि ते विकतच आणावे लागते. आता तर गिऱ्हाईक आणखी मोठे आले आहे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के बायोमास पेलेट मिसळावेत, असे केंद्राचे धोरण २०२१ साली जाहीर झाले. शेतकऱ्याच्या पालापाचोळ्याला दाम मिळत असेल तर आम्हाला आनंदच आहे. पण एक पोते मागणारी घरधनीण आणि रेल्वेचा डबा भरून मागणारे वीज केंद्र एकाच दारात उभे राहिले, तर कारखानदार कोणाकडे आधी बघेल हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा बचत गटांनी एकगठ्ठा चुली घेण्यापूर्वी तालुक्याच्या आत पेलेट कोण देणार आणि निदान वर्षभर कोणत्या दराने देणार, हे कागदावर घ्यावे. ते मिळत नसेल तर साधी धुराड्याची चूल बरी.

पेलेट म्हणजे भुसा भरपूर दाबून केलेली ६ ते ८ मिलिमीटर जाडीची कांडी. बॉयलरसाठी करतात तो मनगटाएवढा ‘पांढरा कोळसा’ वेगळा, तो या चुलीत चालत नाही. घ्यायच्या आधी एक कांडी पेल्याभर पाण्यात टाकावी. चांगली कांडी तळाला जाते आणि मग फुगून भुसा होते. तरंगत राहिली तर दाब कमी पडला आहे. पोत्याच्या तळाशी नुसती पूड असेल तर ते पोते परत करावे, कारण पूड वाऱ्याची वाट बुजवते आणि चूल धुमसते. भाताच्या तुसाचे पेलेट स्वस्त मिळतात, पण तुसात राख पाचव्या हिश्शाच्या आसपास असते. ती वितळून खडे धरते, जाळी बुजते, आणि बाईला रोज चूल खरवडत बसावे लागते. लाकडाच्या भुशात राख अगदीच थोडी. मात्र तो भुसा प्लायवुडच्या किंवा रंगवलेल्या फर्निचरच्या कारखान्यातला नसावा. त्यातला डिंक आणि रंग जळून जो वायू निघतो तो घरात नको. आणि पोती पावसाळ्यात भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नयेत. ओल लागली की कांडीचा पुन्हा भुसा होतो, पैसे पाण्यात.

कापूसवाल्या गावांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे. पऱ्हाटीचे ढीग आपण धुऱ्यावर आणि घरामागे सरपण म्हणून महिनोन् महिने रचून ठेवतो. त्याच ढिगातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात शेतात परत जाते. पऱ्हाटी साठवू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. लोक म्हणतात, “मंग जाळायचं काय?” त्यांचेही चूक नाही. पऱ्हाटीपासून ब्रिकेट आणि पेलेट करण्याचे काम सिरकॉट या केंद्र सरकारच्या कापूस संशोधन संस्थेने केलेले आहे. गावोगाव चुली वाटण्याऐवजी एखाद्या शेतकरी कंपनीने पऱ्हाटी बारीक करून पेलेट पाडण्याचे यंत्र बसवले, तर जळण तालुक्यातच तयार होईल आणि अळीचे घरही मोडेल. अनुदान द्यायचे तर आधी तिथे द्यावे.

आता धुराचे. १९८३ साली सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २००२ पर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली झाल्या, असे सरकारी आकडे सांगतात. त्यातल्या किती धुराड्यांतून आज धूर निघतो, हे प्रत्येक गावाने आपल्याच गावात मोजून बघावे. उद्दिष्ट चुलींचे होते, धुराडे झाडण्याचे नव्हते. काजळी साचली, पाइप तुंबला, धूर उलटा घरात आला, की घरातल्यांनी चूल फोडून जुनी मांडली.

धुराडे घालायचे तर सरळ उभे घालावे. आडवा पाइप आणि कोपरे जितके जास्त, तितकी काजळी जास्त. ४ इंची पाइप घरच्या चुलीला पुरतो. तो छपरातून निघतो तिथपासून निदान ३ फूट वर जावा, आणि १० फुटांच्या आत आढे असेल तर त्याहून २ फूट उंच, नाहीतर वारा धूर खाली लोटतो. वर टोपी हवीच. पत्र्याचा पाइप लाकडी वाशापासून, गवतापासून दीड फूट लांब असावा. जुने सिमेंटचे पाइप बहुतेक ॲसबेस्टॉसचे असतात, ते करवतीने कापू नयेत, त्यांची धूळ छातीत जाते. आणि महिन्यातून एकदा काठीला पोते बांधून काजळी झाडावी. हे काम घरच्या पुरुषांनी करावे, भाकरी तेही खातातच.

उचलून ठेवायच्या चुलीला धुराडे जोडता येत नाही. ती पडवीत वापरावी, किंवा तिच्यावर पत्र्याची छत्री करून छत्रीला पाइप द्यावा. ‘धूर दिसत नाही, मग कशाला पाइप?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. धूर दिसतो, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. पेलेटच्या चुलीत तो सगळ्यात जास्त निघतो तो ज्वाळा विझल्यावर, तळाशी लाल निखारे उरतात तेव्हा. नेमके त्याच वेळी स्वैपाक झाला म्हणून आपण निर्धास्त होतो. थंडीत तर खोली उबदार राहील म्हणून दार लावून निखारे आतच ठेवले जातात. दरवर्षी हिवाळ्यात अशा बंद खोलीत माणसे झोपेतच जातात. निखारे अंगणात नेऊन ठेवावेत, आणि चूल पेटलेली असेपर्यंत एक खिडकी उघडी असावी.

यात गावच्या कारभाऱ्यांचे आणि पंचायत समितीच्या अभियंत्यांचे एक काम आहे आणि त्याला जवळजवळ खर्च नाही. जुन्या माळवदाला झरोका असे, कौलांच्या फटीतून धूर निघून जाई. घरकुल योजनेतले २५ चौरस मीटरचे घर स्लॅबचे असते. त्यात स्वैपाकाची जागा धरलेली आहे, पण धूर जायला वाट ठेवलेली घरे शोधावी लागतात. स्लॅब पडल्यावर छिन्नी-हातोड्याने भोक पाडले की सळई उघडी पडते आणि पावसाळ्यात गळती लागते. सळई बांधतानाच चुलीच्या जागेवर ६ इंची लोखंडी नळीचा हातभर तुकडा उभा करून ठेवला, तर पुढे कधीही त्यातून ४ इंची धुराडे वर काढता येते. घरात गॅस आहे, मग कशाला, असे कोणी म्हणेल. तोवर नळीला झाकण लावून ठेवावे. हप्ता सोडण्यापूर्वी अभियंता जागेवर येतोच, तेव्हा जोत्याबरोबर ही नळीही त्याने पाहावी, आणि ज्यांच्या स्लॅबची सळई या महिन्यात बांधली जाणार आहे त्यांनी त्याची वाट न बघता गवंड्याला आजच सांगावे.